रक्तातला फेरफार

मी तलाठी आहे. सरकारने आता आमचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण पोलादपूरच्या बाजारात अजून कुणी मला त्या नावाने हाक मारलेली नाही. सत्तावीस वर्षं मी लोकांना "एक कागद कमी आहे, उद्या या" असं सांगत आले. आता महाडच्या माझ्या नसीमा डॉक्टर म्हणतात, तुम्ही आजारातून उठलात, तर झालं ते लिहून काढा. हाच आजार घेऊन कुणी घाबरलेलं माझ्याकडे आलं तर वाचायला देईन. मी म्हटलं, बघते, उद्या देते. त्यांनी चष्म्याच्या वरून असं पाहिलं, की मी त्याच दुपारी वही घेऊन बसले.

औषधाचे डोस यात शोधू नका. ते डॉक्टरांना विचारा. मी फक्त कसं कसं होत गेलं ते सांगणार आहे.

डाग

सुरुवात डागांनी झाली. हातावर जांभळे डाग उठले. मला वाटलं, दप्तर काखेत धरून धरून उठले असतील. मग मांडीवर उठले, पाठीवर उठले, आणि तिथे काही मी दप्तर ठेवत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सासूबाई मोरीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगो सुनंदा, दात घासतंस का खणून काढतंस?"

मी डॉक्टरकडे जाण्याआधीच गावाने निदान करून टाकलं होतं. नवरा मारतो.

आता आमचे हे, वसंतराव, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तीस वर्षं कशेडी घाटात गाडी चालवली, पण समोरून ट्रक अंगावर आला तरी तोंडातून शिवी नाही. रस्त्यात म्हैस बसली तर खाली उतरून तिला "चला बाई, उशीर होतोय" म्हणणारा माणूस. त्यांनी मला मारायचं ठरवलं असतं तर आधी परवानगी मागितली असती.

बातमी माझ्यापर्यंत आणली आमच्या नानांनी. नाना आमचे कोतवाल, म्हणजे तलाठ्याचे हात, पाय आणि दोन्ही कान.

"म्याडम, रागावनार नसाल तर एक इचारू?"

"विचारा."

"सायब हल्ली घ्यायला लागले काय?"

"काय घ्यायला?"

"म्हंजे... सांजचा." नानांनी अंगठा तोंडाकडे नेला. "लोका बोलतात, तुमच्या हातावं वल उठलेत."

मी इतकी हसले, इतकी हसले, की नाकातून रक्त आलं. हसू थांबलं तरी रक्त थांबेना. माझा रुमाल भिजला, नानांचा टॉवेल भिजला, आणि नानांनी ह्यांना फोन लावला. अर्ध्या तासात आम्ही महाडच्या रस्त्याला होतो.

नसीमा डॉक्टरांनी डाग पाहिले आणि पहिलं काम काय केलं, तर ह्यांना बाहेर बसवलं. दार लावून हळू आवाजात मला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? माझ्याशी मोकळेपणानं बोला." मी पुन्हा हसणार होते, पण नाकाला धरलेला बोळा आठवला.

मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी ह्यांना आत बोलावून खुर्ची दिली. म्हणाल्या, "आजच्या आज मुंबईला. घरी कपडे घ्यायलासुद्धा जायचं नाही. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलले आहे."

"उद्या सकाळी निघालो तर?" मी म्हटलं. "आज मंडळ अधिकाऱ्यांची बैठक आहे."

"बाई, उद्या हा शब्द परत काढायचा नाही. हा बहुतेक रक्ताचा कॅन्सर आहे. यात पहिले काही दिवस सगळ्यांत वाईट. डोक्यात रक्तस्राव झाला तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. पण तेवढे दिवस निघाले, तर या प्रकारातली बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. तेवढे दिवस काढायचे."

मी गाडीत बसले. ह्यांनी मुंबईपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर गाडी इतकी हळू चढवली आणि उतरवली, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. मला हादरा बसला तर आत काही फुटेल, अशी त्यांना धास्ती. एसटीच्या प्रवाशांना तीस वर्षांत हे सुख मिळालं नव्हतं.

पंधरा आणि सतरा

मुंबईच्या रुग्णालयात मला एका खाटेवर घातलं आणि तपासणीचा निकाल हाती यायच्या आतच एक पिवळी-तपकिरी गोळी सुरू केली. थांबायला वेळ नाही, म्हणाले. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला अर्जाआधी मंजुरी मिळालेली पाहून भीतीच वाटली.

तिसऱ्या दिवशी अमेय नावाचे तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन आले. मला तापाची ग्लानी होती. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या पेशींमध्ये म्युटेशन सापडलंय."

आता आमच्या खात्यात म्युटेशन म्हणजे फेरफार. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की जी नोंद होते, ती. इंग्रजी पत्रात आम्ही हाच शब्द लिहितो. तेव्हा मी विचारायचं तेच, म्हणजे जमिनीचा गट नंबर, विचारलं.

"कुठल्या गटात?"

"गटात?" ते गोंधळले. "पंधरा आणि सतरा. पंधराचा तुकडा तुटून सतराला चिकटलाय, सतराचा पंधराला."

मी ताडकन उठून बसले. "कसा चिकटेल? पंधरा आणि सतरा लागून नाहीतच! मध्ये सोळा आहे. सोळाच्या खातेदाराला नोटीस दिली का? त्याची हरकत येणार!"

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. मग दुसऱ्या डोळ्यात. मग मला बोटं मोजायला लावली. हे बिचारे सांगत होते, "डॉक्टर, तसं काही नाही, ती तलाठी आहे." पण कोण ऐकतो! डोक्यात रक्तस्राव झाला असेल म्हणून मला तशीच स्कॅनला नेली. स्कॅन चांगला आला. सोळाच्या खातेदारापायी माझं डोकं यंत्रात जाऊन आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमेय डॉक्टर स्वतः खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मावशी, आधी मला फेरफार म्हणजे काय ते सांगा. मग मी माझं सांगतो." मी सांगितलं. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अख्खं दप्तर आहे. डोळ्यातल्या पेशीत तेच, यकृतातल्या पेशीत तेच."

"मग डोळा यकृताचं काम का करत नाही?"

"कारण तो त्याला लागणारीच पानं उघडतो. मूळ वही कपाटातून बाहेर येत नाही. हव्या त्या पानाची फक्त नक्कल निघते आणि नकलेवर काम चालतं."

"आणि कुठल्या पानाची नक्कल द्यायची, हे कोण ठरवतं?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "तेच! काही प्रथिनं असतात, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. ती वहीवर ठरलेल्या जागी जाऊन बसतात आणि सांगतात, या पानाची नक्कल काढा, ते पान बंद ठेवा. तुम्ही जेवलात, उपाशी राहिलात, जखम झाली, ताप आला, की कुणी उठतं, कुणी बसतं. हे वेळच्या वेळी चाललं की माणूस ठणठणीत."

"म्हणजे रेकॉर्ड रूमचा कारकून."

"अगदी. आता तुमच्यात काय झालंय, पंधरा नंबरची वही आणि सतरा नंबरची वही, म्हणजे तुमची गुणसूत्रं, फाटून चुकीची शिवली गेली. त्यातून अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असा एक जोडकारकून तयार झाला. पांढऱ्या पेशींनी मोठं व्हायचं, शहाणं व्हायचं, त्या पानांवर हा बसलाय. कुणाला नक्कल देत नाही. म्हणून तुमच्या पेशी मोठ्याच होत नाहीत. अर्धवट वयाच्या पोरांची नुसती गर्दी झालीय, आणि त्या गर्दीपायी रक्त गोठायचंही बिघडलंय."

"आणि ही गोळी?"

"ही 'अ' जीवनसत्त्वाच्या घरातली. 'अ' जीवनसत्त्व म्हणजे या कारकुनाचा साहेब. एरवी साहेब नुसता खाकरला तरी कारकून उठतो. तुमचा हा बहिरा आहे, त्याच्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं, म्हणून डोस मोठा. आणि दुसरं औषध त्याला खुर्चीसकट मोडून काढतं."

मला सगळं समजलं. नको तितकं समजलं. कारण पानावर बसून राहणारा, कुणालाही नक्कल न देणारा कारकून मी ओळखत होते. तो मीच होते.

भागाबाय नावाची एक बाई आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर वाडी आहे, तिथे शेरडं राखते, नाचणी करते. नवरा वारल्यावर त्याच्या जमिनीला तिचं नाव लागायचं होतं, वारस नोंद. पण रेशनकार्डावर भागाबाई, आधारवर भागीरथी आणि नवऱ्याच्या कुठल्याशा कागदावर नुसतीच भागू. मी शेरा मारला, नावांत तफावत. प्रतिज्ञापत्र आण. ती आणायची, त्यात काहीतरी चुकलेलं असायचं. दोन तास डोंगर उतरून यायची आणि मी मान वर न करता म्हणायची, उद्या ये. अशी ती नऊ वेळा आली होती. सगळ्या वाडीला ठाऊक होतं की भागू, भागाबाई आणि भागीरथी ही एकच बाई. मलाही ठाऊक होतं.

सोमल

"दुसरं औषध कुठलं?" ह्यांनी विचारलं. ते इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होते.

"आर्सेनिक. शिरेतून," अमेय डॉक्टर म्हणाले.

"आर्सेनिक म्हणजे... सोमल? विष?"

"हो, सोमलच. पण मोजून, रोज हृदयाचा आलेख बघून."

ह्यांनी संध्याकाळी घरी फोन केला. सासूबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि आमची भिंत शेजाऱ्यांना लागून. ह्यांनी तीनदा ओरडून सांगितलं, "आई, सुनंदाला सोमल द्यायला लागलेत!" चौथ्यांदा सांगायची गरज पडली नाही. सकाळपर्यंत पोलादपुरात झालं होतं, की मारून भागलं नाही म्हणून वसंतरावांनी बायकोला मुंबईला नेऊन सोमल घातला.

दोन दिवसांनी पोलीसपाटलांचा फोन आला. हे माझ्या खाटेशेजारीच बसले होते.

"वसंतराव, खरा सांगा. बाईना सोमल घालतात काय?"

"हो, घालतात ना. रोज, दोन तास."

"कोन घालतो?"

"डॉक्टर घालतात. मी फक्त बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारतो."

"म्हंजे तुमी पन सामील!"

मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, पाटील, मी जिवंत आहे, तुमच्या गावचा पीकपाहणीचा तक्ता अजून आलेला नाही, तो आधी पाठवा. तेव्हा त्यांची खात्री पटली.

सगळ्यांची लग्नं एकदम

आता एक दिवस हसण्यासारखा नव्हता तो सांगते.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा घेताना मला दम लागला. पाय सुजले, चेहरा सुजला, अंगठी रुतली. तासाभरात तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. अमेय डॉक्टर धावत आले. गोळीने काम केलं होतं, म्हणाले. जरा जास्तच जोरात केलं. पानं उघडली, आणि इतके दिवस अडकलेल्या पेशी एकदम वयात आल्या. एका वाडीतली सगळी लग्नं एकाच मुहूर्तावर निघाली तर जे होईल, ते माझ्या फुप्फुसांत चाललं होतं. त्यावरही औषध असतं, त्यांनी लगेच दिलं. तुम्हाला असं झालं तर लपवू नका, दम लागल्याबरोबर सांगा, एवढं मात्र लक्षात ठेवा.

पण त्या दिवशी मला वाटलं, मी जाणार. मला मरायचं नव्हतं. हे वाक्य इतकं साधं आहे, आणि मी ते आयुष्यात प्रथमच मनाशी म्हणत होते. दोन्ही हातांना सुया होत्या, म्हणून हे माझ्या पायाचा अंगठा धरून बसले. सकाळपासून दुपारपर्यंत सोडला नाही.

मी मुखवटा बाजूला करून म्हटलं, "भागाबायची नोंद राहिली."

ह्यांना वाटलं, मी पुन्हा सोळा नंबरवर गेले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "असू दे गं. उद्या कर."

सत्तावीस वर्षं मी तो शब्द वापरला. तो इतका गोड असतो हे मला माहीत नव्हतं.

एक कागद कमी

संध्याकाळपासून श्वास सुटत गेला आणि ते धोक्याचे दिवस निघाले. महिन्याने घरी सोडलं. पुढचे सोमलाचे फेरे नसीमा डॉक्टरांनी महाडला द्यायचं पत्करलं. आठवड्यातले पाच दिवस, मध्ये सुट्टी, पुन्हा पाच दिवस, असे कित्येक महिने. पोलादपूरहून सकाळी निघायचं, हृदयाचा आलेख, रक्त, मग दोन तास सलाइन.

एकदा काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "पोटॅशियम कमी आहे. आज सलाइन नाही. उद्या या."

"उद्या?" मी कडाडले. "अगं, पोलादपूरहून येते मी! तुला काय जातं उद्या या म्हणायला! माणसाला किती हेलपाटे..."

आणि मी मध्येच गप्प झाले. हे सगळंच्या सगळं भाषण मी पूर्वी ऐकलेलं होतं, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. ती मुलगी घाबरून बघत राहिली. मी म्हटलं, "येते हो उद्या," आणि बाहेर पडले.

बाहेरच्या बाकावर भागाबाय बसलेली.

मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. नानांकडून तिला कळलं होतं की तलाठीबाईचं दुखणं "अ" जीवनसत्त्वाचं आहे. गावच्या आरोग्यसेविकेने तिला सांगितलं की ते बकऱ्याच्या काळजात, म्हणजे कलेजीत, पुष्कळ असतं. म्हणून ही बाई घरचा बकरा कापल्यावर काळीज परतून, डोंगर उतरून, दोन गाड्या बदलून आली होती.

नसीमा डॉक्टरांनी डबा उघडून पाहिला आणि मला बोटही लावू दिलं नाही. "गोळ्यांतून पुष्कळ जातंय. वरून हे अजिबात नको. डोकं धरून बसाल." भागाबायचं तोंड उतरलं. मग तिचा जीव राहावा म्हणून ह्यांनी बाकावर बसून डबा पुसून खाल्ला. आणि हे कुणीतरी पाहिलं. म्हणजे मारणं झालं, सोमल झाला, आता वसंतरावांनी आजारी बायकोचं काळीजही खाल्लं.

मी भागाबायला विचारलं, "मी तुला नऊ वेळा परत पाठवली. तू माझ्यासाठी एवढी का आलीस?"

"तू मेलीस तं नवा तलाठी येल," ती म्हणाली. "त्याला पयल्यापासना सांगाय लागंल. नव येला आलंय, आता धाव्यांदा नव्या मानसाकडं जाव?"

याच्याइतकं खरं मला आजारपणात कुणी बोललं नाही. माझ्या जागी ज्यांच्याकडे कार्यभार होता, ते "बाईंचा शेरा आहे, बाईच बघतील" म्हणून कागदाला हात लावत नव्हते. म्हणजे तिची नोंद व्हायची तर मीच जगायला हवं होतं. मला बरं व्हायला ते कारण पुरलं.

नक्कल

शेवटच्या सलाइनच्या दिवशी मी पिशवी उचलली आणि सवयीने विचारलं, "मग उद्या किती वाजता येऊ?"

नसीमा डॉक्टर हसल्या. "उद्या येऊ नका."

मी जिन्यात बसून भडाभडा रडले. आनंदाने की भीतीने, मला अजून सांगता येत नाही. इतके महिने त्या खाटेच्या आधाराने जगले होते. तुमचंही असं होईल, तेव्हा लाजू नका. जिना रुंद आहे.

पुढे अमेय डॉक्टरांचा फोन आला. तपासणीत पंधरा-सतराचा जोड कुठेही सापडला नाही. म्हणाले, "मावशी, फेरफार रद्द." दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जावं लागतं, ते मी निमूटपणे जाते.

कामावर रुजू झाल्यावर मी पहिला कागद भागाबायचा काढला. प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच सांगितला. वाडीतल्या पंचांचे जबाब नानांनी एका सकाळी आणले. भागू, भागाबाई आणि भागीरथी एकच, असं सगळ्यांनी सांगितलं आणि एवढंच विचारायला इतके महिने लागले का, असंही विचारलं. नोटीस लागली. मुदतीत कुणाची हरकत आली नाही. वरून नोंद मंजूर झाली.

नक्कल घेऊन मी स्वतः निघाले. ह्यांनी रस्ता संपेपर्यंत गाडी नेली, पुढे मी चढले. दहा ठिकाणी बसले. वाडीत पोचले तेव्हा भागाबाय शेरडांना पाला घालत होती. तिने हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला.

"ह्यात माजा नाव खय हाय?"

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग तिने कागद घडी करून पोलक्यात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "मंग आता कदी येव?"

"येऊ नकोस," मी म्हटलं. "झालं काम. आता येऊ नकोस."

तिने हातातला उरलेला पाला पुढे टाकला. शेरडं पाला खात होती.

"बरा," ती म्हणाली. "मंग तू ये."

"कधी येऊ?"

"उद्या," भागाबाय म्हणाली.